मदत हवी आहे: पाच गावांचा मिळून एकच पूर आराखडा करता येतो का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचा पट्टा. 2005, 2019, 2021 तिन्ही पूर गावानं अंगावर घेतलेत.

शेजारच्या चार गावांचे आपत्ती आराखडे मागवून आमच्याशी ताडून बघितले. आमच्यात लिहिलंय, खालच्या आळीतली माणसं शेजारगावच्या हायस्कुलात न्यायची. त्या गावानं तेच हायस्कूल आपल्या मळेभागासाठी धरलंय. तिसऱ्या गावानं त्याच मैदानात जनावरांची छावणी दाखवलीय. बोटीचं तर विचारूच नका. एकच यांत्रिक बोट तीन आराखड्यांत "उपलब्ध", तिन्हीकडं चालक म्हणून एकाच माणसाचा मोबाईल नंबर, आणि तो गडी कधीच पुण्याला कामाला गेलाय. एकेक कागद सुटा वाचला तर बिनचूक.

2019 च्या 8 ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरात उलटली त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. बोट परत येईल याची खात्री नसली की माणसं एकदमच चढतात. म्हणून बोट कुठल्या गावाला आधी, हे पाण्याच्या पातळीवर आधीच ठरलेलं पाहिजे. पण पातळी कुठली धरायची? कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा, 43 धोका. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 आणि 45. आमच्याकडं दोन्ही नद्यांचं पाणी येतं, आणि कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. कोल्हापुरात उतार लागला तरी आमच्यात चढतच असतं. सांगलीचा आकडा बघायचा, कोल्हापूरचा, की पाच गावांनी आपल्याच पुलाच्या खांबाला खुणा करायच्या?

तर विचारायचंय ते असं: पाच ग्रामपंचायती आणि शेजारची एक नगरपरिषद यांच्या एकत्र आराखड्याला कायद्याचा आधार कुठला, सही कुणाची, पैसा कुठल्या खात्यातून? वर विचारलं तर "तुमच्या गावापुरता नमुना भरून द्या" एवढंच उत्तर मिळालं.

(अलमट्टी धरणाचा वाद इथं नको, हात जोडतो. त्याचे धागे पोत्यानं आहेत.)

सातबारा
महसूल खात्यात हयात गेली, म्हणून सांगतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 उघडा. कलम 31 जिल्हा आराखड्याचं, 32 स्थानिक प्राधिकरणांच्या आराखड्याचं, 41 त्यांच्या कामांचं. गावानं वेशीबाहेर बघू नये असं यात कुठंही नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष कलेक्टर, सहअध्यक्ष जिल्हा परिषद अध्यक्ष. तालुक्यात डोकं फोडून घेण्यापेक्षा तिकडं जा, पण रिकाम्या हातानं नको. पाचही ग्रामपंचायतींचे ठराव घ्या, मजकूर अक्षर न् अक्षर एकच ठेवा, आणि जिल्हा आराखड्याला परिशिष्ट म्हणून जोडायची लेखी मागणी करा. नगरपरिषदेचा ठराव वेगळा लागेल, मुख्याधिकाऱ्यांना आधी भेटून घ्या. मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठका लागल्या की तुमचा कागद कुणी उघडणार नाही, त्याआधी उरका.

खांबावरच्या खुणांना माझा पाठिंबा. फक्त मागच्या पुरांत कुठली खूण बुडाल्यावर कुठला रस्ता बंद झाला, ते पोलीस पाटलांना विचारून शेजारी लिहून ठेवा.

वाडीचा ग्रामसेवक
पैशाचं मी सांगतो. लाइफ जॅकेट, दोर, सर्चलाइट आम्ही वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाचं बंधन नसलेल्या) निधीतून घेतले. गावाच्या विकास आराखड्यात आधी नाव घालून घ्या, नाहीतर ऑडिटला आक्षेप ठरलेला. रस्ता उंच करणं वगैरे मोठी कामं त्यातून होत नाहीत. 15 व्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीतले 20 टक्के धोका कमी करण्याच्या कामांसाठी वेगळे काढायला सांगितले, पण ते गावाच्या खात्यावर थेट येत नाहीत. प्रस्ताव जिल्ह्यातूनच जातो, आणि तिथं एका गावापेक्षा पाच गावांचा कागद जड पडतो.

आणि भागीदारीत बोट घेऊ नका राव! कुणाच्या रजिस्टरला चढवायची, डिझेल कुणाचं, विमा कुणाचा, यातच पावसाळा सरतो. एकानं बोट, दुसऱ्यानं जनरेटर, तिसऱ्यानं वैरणीची जागा असं वाटून घ्या. कोण कुणाला काय देणार ते ठरावातच येऊ दे.

कृष्णाकाठ
काका, भाऊसाहेब, दोघांचेही आभार. ठरावाचा मसुदा रविवारी इथंच टाकतो, बिनधास्त खोडा. एक राहिलं. पुरात आमच्यातली बरीच जनावरं सीमेपलीकडं, कर्नाटकातल्या चिक्कोडी भागात पाहुण्यांकडं जातात. तिकडं एखादी म्हैस दगावली तर पंचनामा इकडच्या तलाठ्यानं करायचा की तिकडच्या? कुणी निस्तरलंय का हे?