एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा ग्रुप) मीटिंगला पहिल्यांदा जायचंय, ओळखीचं कुणी भेटलं तर?

डोंबिवली_स्लो:
वय 43, एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी. सहा-सात वर्षं रोज दारूची क्वार्टर होती, आता क्वार्टरवर भागत नाही. सकाळी हात थरथरतात, दाढी करताना कापतं. मागच्या वर्षी आषाढीला माळ घातली, ती दसऱ्यापर्यंत टिकली. बायको म्हणते पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात भरती व्हा. मित्र म्हणतो आधी एएच्या मीटिंगला जा. मीटिंग शोधायची कशी? मराठीत असते का? देवाधर्माचं फार असतं का? आणि खरी भीती ही की सोसायटीतलं कुणी तिथे बघितलं तर काय?

फक्त_आज:
दादा, हात थरथरतात म्हणालात म्हणून सगळ्यात आधी हे. उद्यापासून घरच्या घरी एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. डॉक्टरला रोजचं खरं माप सांगा, कमी करून सांगू नका. मी कुणाला न विचारता सोडली आणि तिसऱ्या रात्री बायकोने मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मीटिंगमध्ये डॉक्टर नसतो, औषध नसतं.

आता मीटिंग. एएचं भारताचं मुख्य ऑफिस भायखळ्याला आहे. वेबसाइटवर हेल्पलाइनचे नंबर मिळतील. फोन लावा आणि 'मराठी ग्रुप हवाय, शिफ्ट अशी अशी आहे' एवढंच सांगा, फोनवर आमच्यातलाच कुणीतरी असतो. निघायच्या आधी जागा आणि वेळ पुन्हा विचारून घ्या, जागा बदलतात. ओपन मीटिंगला कुणीही येऊ शकतं, क्लोज्ड फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. फी नाही. शेवटी डबा फिरतो, नव्या माणसाने त्यात काही टाकावं अशी कुणाची अपेक्षा नसते.

माझी पहिली मीटिंग 2016 साली, ठाण्यात, मुन्सिपाल्टीच्या शाळेत, चौथीच्या वर्गात. बाक इतके बुटके की गुडघे फळीला अडकले. समोर पाढ्यांचा तक्ता होता. दीड तास मी सतराचा पाढा वाचत बसलो, कारण माणसांकडे बघवेना. एकेक जण नाव सांगून 'मी बेवडा' म्हणत होता, सगळे त्याला नमस्कार करत होते. माझी पाळी आली तेव्हा मी नुसती मान हलवली. शेजारचा लगेच बोलायला लागला, कुणी वळूनही पाहिलं नाही. नंतर चहा आला. किटलीवाल्या काकांनी सगळ्यांना कप भरून दिला, मला अर्धा. मला वाटलं नवा म्हणून कमी. वर्षभराने किटली माझ्या हातात आली तेव्हा काका कानात म्हणाले, 'नव्याला अर्धाच दे, त्याच्या हातातून सांडतो आणि त्याला लाज वाटते.'

ओळखीचं कुणी भेटलं तर? मला भेटलं. आमच्याच सोसायटीतला, मेंटेनन्सची पावती फाडणारा. तोही त्याच आजारासाठी आला होता. इतक्या वर्षांत जिन्यात त्याने तो विषय एकदाही काढलेला नाही. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, हे आम्ही जिवापाड पाळतो.

देवाचं म्हणाल तर प्रार्थना असते. दारूपासून दूर राहायच्या एएच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत 'आम्हाला समजला तसा ईश्वर' असं आहे. माझा स्पॉन्सर, म्हणजे नव्याला हात देणारा ग्रुपमधला जुना माणूस, म्हणाला, देव पटत नसेल तर सध्या हा ग्रुपच तुझ्यापेक्षा मोठा आहे एवढं मान. तेवढ्यावर मी वर्ष काढलं.

एए सुरू कसं झालं ते मला फार जवळचं वाटतं. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी कामासाठी गेलेल्या बिलला हॉटेलात तलफ आली. बारमध्ये न जाता त्याने फोन फिरवून बोलायला दुसरा दारुडा शोधला. तो निघाला डॉक्टर बॉब, आणि त्या दोघांपासून एए सुरू झालं. आमच्या मुंबईत हे 1957 मध्ये आलं. आजही असंच चालतं, तलफ आली की आधी फोन.

मुक्तांगण की मीटिंग असं नसतं. अवचट पती-पत्नींनी 1986 मध्ये उभं केलेलं ते घर आहे, भरती व्हायची गरज असेल तर जरूर जा. पण परत आल्यावर लोकल तीच, स्टेशनबाहेरचा बारही तोच. संध्याकाळी सात वाजता जायला दुसरी जागा हवी, ती मीटिंग.

अबोली:
भाऊ, वहिनींसाठी लिहिते. घरच्यांचा वेगळा ग्रुप असतो, अल-अ‍ॅनॉन. मी बाटलीच्या लेबलवर पेन्सिलने खुणा करायचे, ह्यांच्या ऑफिसात 'ताप आहे' म्हणून फोन करायचे. ग्रुपमध्ये गेल्यावर दोन्ही थांबवलं. तुम्ही मीटिंगला जा न जा, वहिनींना जाऊ द्या. रात्री-बेरात्री काही सुचेनासं झालं तर 14446 ही सरकारी टोल-फ्री हेल्पलाइन आहे.

डोंबिवली_स्लो:
डॉक्टरकडे जाऊन आलो. माप खरं सांगितलं, बायको शेजारीच होती, ती पहिल्यांदाच ऐकत होती. गोळ्या चालू आहेत. काल ओपन मीटिंगला दोघं गेलो. मी बोललो नाही. निघताना एकाने चिठ्ठीवर नंबर दिला आणि म्हणाला, पिण्याआधी लाव, पिऊन झाल्यावर नको. आज सेकंड शिफ्ट आहे, रात्री अकराला सुटतो. इतक्या उशिरा फोन लावला तर चालतो का?

फक्त_आज:
चालतो. गेटच्या बाहेर पडायच्या आधीच लावा.