ऑरेंज अलर्ट, इशारा पातळी, क्युसेक... मोटार नक्की कशावर काढायची?

नदीकाठचा_फड
राम राम मंडळी. करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठाला शेताला पाणी उपसायच्या ५ एचपीच्या दोन मोटारी आहेत. जून लागला की मोबाईलवर पावसाच्या इशाऱ्याचा रोज एक रंग येतो. ऑरेंज असतो तेव्हा लख्ख ऊन, आणि कधी काहीच इशारा नसताना सकाळी नदी पात्राबाहेर. त्यात 'इशारा पातळी' वेगळी, 'धोका पातळी' वेगळी, धरणाचा विसर्ग आणखी वेगळा. मधेच फोन सायरनसारखा बोंबलतो, तो मेसेज कुणाचा? यातलं नेमकं काय बघून मोटारी वर घ्यायच्या?

वेधशाळा_वाचक
पहिला घोळ इथंच आहे. मोबाईलवरचा रंग आभाळाचा असतो, नदीचा नसतो. हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा मुंबईच्या प्रादेशिक केंद्रातून निघतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना पाऊस किती हे बघतातच, पण तो होण्याची शक्यता किती आणि झाला तर नुकसान किती, हेही धरतात. त्यामुळं नुसत्या रंगावरून मिलीमीटर काढू नका.

मिलीमीटर शब्दांत असतात. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, २०४.५ च्या वर अत्यंत मुसळधार. 'मुसळधार' हा शब्द आपण बोलताना कशालाही लावतो, पत्रकात मात्र तो मोजून वापरलेला असतो.

ऑरेंजला ऊन का पडतं, याचं उत्तर पत्रकातल्या 'तुरळक ठिकाणी' या दोन शब्दांत आहे. तुरळक म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव पर्जन्यमापक केंद्रांवर. त्यापुढं काही ठिकाणी (निम्म्यापर्यंत), अनेक ठिकाणी (पाऊणपर्यंत), आणि बहुतांश ठिकाणी. आपला कोल्हापूर जिल्हा तर एका टोकाला गगनबावडा आणि दुसऱ्या टोकाला शिरोळ असा. गगनबावड्यात धो-धो आणि शिरोळात धुरळा, दोन्ही एकाच दिवशी एकाच जिल्ह्यात. म्हणून आता पत्रकात 'कोल्हापूर घाट' वेगळा दाखवतात. बातमी देताना हा 'घाट' शब्द गळतो आणि सगळा जिल्हा ऑरेंज होऊन बसतो.

आणखी एक. हवामान खात्याचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३०. म्हणजे १५ तारखेचा इशारा १६ च्या सकाळपर्यंत चालू असतो. १५ ला संध्याकाळी 'काय झालं नाही राव' म्हणून सोडून देऊ नका, रात्र अजून त्यातच आहे. आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या नकाशावर आधी तारीख बघा. मागच्या वर्षीचा लाल नकाशा दर जुलैला नव्यानं फिरतो.

बरगे_काढले_का
वर आभाळाचं आलं, आता नदीचं. इशारा पातळी आणि धोका पातळी यांचा हवामान खात्याशी संबंध नाही. कोल्हापूरला कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याची पातळी फुटांत मोजतात. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर.

केंद्रीय जल आयोगाच्या पूर अंदाजातही पिवळा-नारंगी-लाल आहेच, पण तिथं अर्थ निराळा. इशारा पातळी ओलांडली की पिवळा, धोका पातळी ओलांडली की नारंगी, आजवरची सर्वोच्च पातळी मोडली की लाल. म्हणजे हवामान खात्याचा ऑरेंज 'पाऊस येऊ शकतो' म्हणतो आणि जल आयोगाचा ऑरेंज 'पाणी आलंय' म्हणतो. रंग दिसला की खाली कुणाचं नाव आहे ते आधी बघा.

इशारा नसताना नदी चढते कारण पाणी वरून येतं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एक होतं. धरणक्षेत्रात काल झालेला पाऊस तुमच्या काठाला आज येतो, तोवर शहरावरचं आभाळ निवळलेलंही असतं. राधानगरीचं वेगळंच. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण पूर्ण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. हुकमाची वाट बघत नाहीत, रात्री दोनलाही उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, सातही उघडले तर दहा हजारांच्या घरात, शिवाय वीजगृहातून सुटतं ते वेगळं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. धरण ९५ टक्क्यांवर आहे आणि घाटाला ऑरेंज आहे, ही जोडी दिसली की दरवाजे उघडल्याच्या बातमीची वाट बघू नका.

चढ मोजायला सोपं गणित आहे. समजा सकाळी ७ ला राजाराम २९ फूट ४ इंच आणि १० ला २९ फूट १० इंच. म्हणजे तासाला २ इंच. ३९ ला अजून ११० इंच बाकी, म्हणजे त्याच वेगानं ५५ तास. वेग तोच राहत नाही हे खरं. पाणी पात्राबाहेर पसरलं की एका इंचाला कितीतरी जास्त पाणी लागतं, चढ मंदावतो. त्या मंदावण्याला 'पूर ओसरायला लागला' समजण्याची चूक दरवर्षी होते. ओसरला कधी म्हणायचं, तर लागोपाठ तीन-चार नोंदी उतरत्या आल्या की.

स्टार्टर_पेटी
सगळं बरोबर, पण ३९ फुटांची वाट बघून मोटार काढणारा मोटार घालवतो. ३९ आणि ४३ हे आकडे वस्तीसाठी आणि रस्त्यांसाठी आहेत. तुमची मोटार त्याच्या कितीतरी आधी बुडते. स्वतःची पातळी स्वतः ठरवा. मोटारीच्या चौथऱ्याखाली दोन-तीन फुटांवर पक्का दगड किंवा खांब बघून ऑइलपेंटचा पट्टा मारा. पाणी पट्ट्याला लागलं की त्या वेळचा राजारामचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी तो आकडा यायच्या एक फूट आधी कामाला लागा. उजेड असताना. रात्री पाण्याकडेला मोटार ओढायला जाऊ नका.

काढताना क्रम चुकवू नका. आधी पेटीतला मेन स्विच बंद, मग फ्यूज काढून खिशात (पेटीवर ठेवला की कुणीतरी बसवतो). टेस्टरनं तिन्ही फेज तपासा. मग केबल सोडा, टोकांना टेप मारा, कुठली वायर कुठं होती त्याचा मोबाईलवर फोटो काढा. उलटी जोडली की पंप उलटा फिरतो, पाणी चढत नाही आणि लोक फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) उघडत बसतात. स्टार्टर आणि पेटी पण वर घ्या, नुसती मोटार नको. आणि पाणी पेटीपर्यंत पोचलंच असेल तर त्यात पाय घालायचा नाही. आधी महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या. मोटार परत आणता येते.

बुडालीच तर पाणी उतरल्यावर 'एकदा चालवून बघू' करू नका. वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) तिथंच जळतं. उघडून, धुऊन, वाळवून मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावा. एक मेगाओमच्या खाली रीडिंग असेल तर अजून ओल आहे.

वाडीचा_घाट
शिरोळकडच्यांसाठी एक ओळ वाढवतो. आमच्याकडं पाऊस कमी आणि पूर जास्त दिवस. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही, पाणी मागं थोपतं. म्हणून इकडं नुसता राजाराम बघून भागत नाही. कोयना आणि वारणा धरणांचा विसर्ग, आणि खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात येणारं-जाणारं पाणी, तिन्ही बघा. राजारामला उतार लागला तरी इकडं एक-दोन दिवस चढ चालू राहू शकतो. जनावरं परत आणायची घाई करू नका.

नदीकाठचा_फड
लई उपकार. फूटव्हॉल्व्हचं वाचून हसलो, बरोबर पकडलंत. सायरनवाल्या मेसेजचं राहिलं. आणि वळवाच्या टायमाला 'पुढील तीन तासांत' असं येतं, ते काय?

वेधशाळा_वाचक
सायरनवाला मेसेज 'सचेत' यंत्रणेचा, आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून. तो टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एकदम जातो, इंटरनेट लागत नाही. हद्द टॉवरची असल्यामुळं शेजारच्या तालुक्याचा इशाराही तुमच्या फोनवर वाजू शकतो. वाजला की बंद करण्याआधी तालुक्याचं नाव आणि वेळ वाचा.

'पुढील तीन तास' हा तात्कालिक अंदाज. रडार आणि उपग्रहावर ढग दिसल्यावर काढतात, म्हणून तो पाच दिवसांच्या रंगापेक्षा जास्त नेमका. त्यात विजा आणि ताशी ४०-५० किमी वारा असं लिहिलेलं असलं की शेतातलं काम तिथंच सोडायचं. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप ठेवा. अॅप नसेल तर वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत, पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नको. आंब्याखाली तर नकोच, आणि पत्र्याची उघडी शेड म्हणजे घर नव्हे.

बरगे_काढले_का
जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ फोनमध्ये साठवून ठेवा. राजारामची ताजी पातळी आणि कुठले बंधारे पाण्याखाली आहेत, हे तिथं विचारता येतं.