मदत हवी आहे: एपीआय पोस्टमनमध्ये चालतो, ब्राउझरमध्ये ४०१ (तातडीचं)

संकलन_कोड
गावच्या दूध डेअरीसाठी एपीआय (वेबपान आणि ॲप ज्यातून सर्व्हरकडे माहिती मागतात तो दुवा) केलाय. लॉगिन होतं, टोकन (ओळख पटवणारी खूण) मिळतं. पुढे बिल मागवलं की ब्राउझरमध्ये कॉर्सची (दुसऱ्या डोमेनकडून माहिती घेण्याच्या नियमांची) लाल ओळ आणि ४०१ (ओळख पटली नाही). तेच टोकन पोस्टमनमध्ये (एपीआय तपासायच्या ॲपमध्ये) टाकलं की बिल येतं. टोकन बरोबर आहे, तीनदा पाहिलं. उद्या ११ वाजता डेअरीत दाखवायचंय. शिवाय मोबाईल ॲप करणारा मित्र डॉक्युमेंटेशन मागतोय. एक्सेल दिली तर चालेल ना?

भीमाकाठ
फ्रेमवर्क कोणतं? वेबपान आणि एपीआय एकाच डोमेनवर आहेत का? ४०१ नक्की कोणत्या विनंतीला येतो, नेटवर्क टॅब उघडून सांगा.

जुना_सर्व्हर
जेडब्ल्यूटी (सर्व्हरवर नोंद न ठेवता चालणारं सहीचं टोकन) वापरलंय ना? साधी सेशन कुकी ठेवा, लॉगिनची नोंद सर्व्हरवरच राहते. टोकन एकदा दिलं की मुदत संपेपर्यंत परत घेता येत नाही. आमच्याकडे काम सोडून गेलेल्याचं टोकन आठवडाभर चालत होतं.

रात्रपाळी
मुदत १५ मिनिटांची ठेवली असती तर आठवडा कुठून आला असता? मोबाईल ॲपला टोकनच सोयीचं.

जुना_सर्व्हर
१५ मिनिटं म्हटलं की रिफ्रेश टोकन (नवं टोकन मिळवून देणारं) आलं, ते डेटाबेसात ठेवणं आलं. मग सेशनच झालं की.

मृद्गंध
मी तर म्हणेन एपीआयची ही रेस्ट पद्धत सोडा, ग्राफक्यूएल ही दुसरी घ्या. आम्ही वर्षभर वापरतोय.

संकलन_कोड
कृपया मुद्द्यावर या, माझ्याकडे एकच रात्र आहे. फ्रेमवर्क एक्सप्रेस आहे, डोमेन वेगळं आहे. लॉगिन वगळून सगळ्या पत्त्यांवर टोकनची तपासणी आहे. ४०१ 'ऑप्शन्स' नावाच्या विनंतीला येतोय. मी ती कुठेच पाठवलेली नाही!

भीमाकाठ
ब्राउझर पाठवतो. दुसऱ्या डोमेनला ऑथरायझेशन हेडर (विनंतीसोबत टोकन नेणारी ओळ) पाठवायचा असला की तो आधी सर्व्हरला विचारतो, चालेल का? त्या चौकशीत टोकन नसतंच. तुमची तपासणी कोडमध्ये कॉर्सच्या ओळीच्या आधी लागतेय, म्हणून ती चौकशीलाच ४०१ देते. पोस्टमन अशी चौकशी करत नाही. कॉर्सची ओळ वर न्या. ओरिजिनमध्ये फक्त तुमच्या पानाचा पत्ता लिहा. हेडरची यादी हाताने लिहिली असेल तर ऑथरायझेशन नावानिशी घाला, तारांकनात (*, म्हणजे सगळे) तो धरत नाहीत.

गोठा_ते_संगणक
फॅट मशीनचा आकडा थेट संगणकात घेता येतो का? आमच्याकडे अजून वहीत लिहितात.

सई_पु
विचारलेलं नाही, तरी सांगते. बिलाच्या पत्त्यात नुसता क्रमांक आहे का? एका सभासदाच्या टोकनने दुसऱ्याचं बिल मागवून बघा. ओवास्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय सुरक्षेच्या यादीत २०१९ लाही आणि २०२३ लाही पहिला धोका हाच होता.

संकलन_कोड
ओळ वर नेली, चाललं! भीमाकाठ, खूप आभार.
सईताई, आत्ता करून पाहिलं. काकांच्या टोकनने ११८७ मागवलं, भलत्याच सभासदाचं बिल आलं. बँक खात्यासकट. हात थरथरले. क्रमांकाऐवजी यूयूआयडी (लांबलचक, क्रमाने न येणारी खूण) टाकू?

सई_पु
यूयूआयडीने पत्ता अंदाजाने ओळखणं अवघड होतं, हक्क तपासला जात नाही. बिल शोधतानाच क्वेरीत सभासद क्रमांकाची अट घाला, आणि तो क्रमांक टोकनमधून घ्या, पत्त्यातून नको. सापडलं नाही तर ४०४.

रात्रपाळी
४०३ हवा. ओळख पटलीय, परवानगी नाही.

सई_पु
४०३ दिला की त्या क्रमांकाचं बिल आहे एवढं तरी कळतं. तेही का कळू द्यायचं?

भीमाकाठ
एक्सेल नको. ओपनएपीआयची फाइल (एपीआयचं ठरलेल्या साच्यातलं वर्णन) लिहा, स्वॅगर यूआय हे साधन तिचंच पान करून देतं. यशस्वी उत्तरांइतकेच ४०१, ४०४, ४२९ (फार विनंत्या आल्या) हीही लिहा, मित्र अडेल तो तिथेच. फॅट आकडा की मजकूर, रक्कम रुपयांत की पैशांत, सकाळ-संध्याकाळची पाळी कशी लिहायची, प्रत्येकाचं उदाहरण द्या.

संकलन_कोड
अट घातली, आता ११८७ ला ४०४ येतो. बाकीचे पत्ते एकेक करून तपासतोय. फाइल अर्धी पाठवली तर मित्राने लगेच विचारलं, 'तारीख' म्हणजे दूध घातल्याची की दहा दिवसांचं बिल निघाल्याची? दोन वेगळी नावं देतोय.

जुना_सर्व्हर
गोठा, मशीनच्या मागे आरएस-२३२ (जुन्या पद्धतीचा सिरियल) पोर्ट आहे का बघा. असेल तर वेगळा धागा काढा, सांगतो.