मोटोव्हर्ससाठी साताऱ्याहून 11 गाड्या : मुक्काम कुठे करावा?

साताऱ्याची हिमालयन
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात मोटोव्हर्सला, म्हणजे रॉयल एनफिल्डच्या बाइकवाल्यांच्या मेळाव्याला, गोव्यात वागातोरला जायचं ठरतंय. आम्ही 11 जण, गाड्याही 11, त्यात तिघी बायका. सगळ्यांची पहिलीच वेळ. खोल्या मेळावा भरतो त्या हिलटॉपजवळ घ्याव्यात की म्हापशात? निम्मी मंडळी म्हणतायत, पहाटे 4 ला निघू आणि एका दिवसात पोचू. जमेल का?

कोल्हापूरचा क्लासिक 350
ताई, रायडर मेनिया नाव होतं तेव्हापासून मी जातोय. दोन गाड्या असत्या तर खुशाल निघा म्हणालो असतो. 11 गाड्या म्हटल्यावर चहाला अर्धा तास, पेट्रोलला अर्धा तास, त्यात सातारा-कागल सहापदरीकरणाचे डायव्हर्जन. उशीर असाच वाढत गेला तर आंबोली घाट अंधारात येतो. मला एकदा तिथं असं धुकं लागलं की पुढच्याचा लाल दिवा सोडून काही दिसेना. हेल्मेटची काच हातमोज्याने पुसायची, दहा हात गेलं की परत पुसायची. तेव्हापासून मी घाट अंधारात उतरत नाही. आजऱ्यात किंवा आंबोलीत राहा. सकाळी नाष्टा करून सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी मार्गे म्हापसा. पत्रादेवीला तपासणी असते; लायसन्स, विमा, पीयूसी सगळ्यांचं हाताशी ठेवा.

मुक्कामाचं म्हणाल तर रात्री कार्यक्रम संपल्यावर गाडी चालवावी लागेल की नाही, हे आधी ठरवा. माझं मत विचाराल तर लागूच नये. वागातोर किंवा हणजूणला चालत परतता येईल असं घर बघा, दोन पैसे जास्त गेले तरी. नाही मिळालं तर आसगाव, शिवोली. पणजीच्या नादी लागू नका, त्याच सुमारास तिथं इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो आणि जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात.

खोलीच्या आधी पार्किंगचा फोटो मागवा. एका वर्षी आम्हाला उतारावरचं लाल मातीचं अंगण मिळालं. रात्री सर आली, माती भिजली, कडेच्या गाडीचा साइड स्टँड रुतला आणि ओळीने 4 गाड्या आडव्या. सकाळी तुटलेलं क्लच लिव्हर हातात घेऊन माझा मित्र पायरीवर बसला होता, त्याचा चेहरा आजही आठवतो. आता प्रत्येकाच्या बॅगेत फळीचा एक तुकडा असतो, स्टँडखाली ठेवायला.

म्हापसेकर
शुक्रवारी येत असाल तर म्हापसा शहरात शिरू नका. आठवड्याचा बाजार असतो, 11 गाड्या एकत्र राहणं कठीण.

ठाण्याची मीटिओर
कुणाला इतकं चालवणं झेपणार नसेल तर गाडी रेल्वे पार्सलने पाठवता येते. टाकी रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते. पार्सल थिवीला उतरतं का ते आधी विचारा. मडगावला घ्यावं लागलं तर तिथून वागातोर चांगलंच लांब.

साताऱ्याची हिमालयन
दादा, आंबोलीचा मुक्काम पक्का केला. पहाटे 4 वाल्यांना तुमचा धुक्याचा किस्सा वाचून दाखवला. आसगावात एक घर बघितलंय, अंगणात फरशी आहे. पण हिलटॉपवरून रात्री चालत येण्यासारखं नाही, म्हणून मी आणि अजून दोघं त्या तीन रात्री पिणार नाही, सगळ्यांना आम्हीच आणणार. फेऱ्या चार माराव्या लागल्या तरी चालेल.

कोल्हापूरचा क्लासिक 350
मग त्या तिघांना दुपारी सक्तीने झोपवा.