रतनगड ते हरिश्चंद्रगड कात्राबाईमार्गे: फाटा नक्की कुठे लागतो? लवकर मदत हवी आहे

मुक्कामपोस्ट
नमस्कार. रतनगड ते हरिश्चंद्रगड कात्राबाई खिंडीतून करायचाय, दोन मुक्काम धरलेत. ब्लॉग वाचून डोकं फिरायची वेळ आलीये, एक म्हणतो वाट शिड्यांच्या अलीकडेच फुटते, दुसरा म्हणतो आधी गड बघा मग त्र्यंबक दरवाजाने उतरा, तिसऱ्याने नुसते फोटो टाकलेत आणि वाटेबद्दल एक ओळ नाही. मोबाईलवरच्या नकाशातली रेघ जंगलात मध्येच तुटते. मला तीनच गोष्टी सांगा, फाटा कुठे आहे, खिंडीपलीकडच्या कुमशेत गावात पोचायला किती वेळ लागतो आणि मध्ये पाणी मिळतं का. तंबू आहे. रजेचा अर्ज उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचाय म्हणून घाई आहे. ट्रेक सुंदर आहे हे माहितीये, तेवढंच सांगायला कृपया लिहू नका.

सह्यधार
कोणत्या महिन्यात? पाण्याचं उत्तर पूर्ण त्यावर आहे. किती जण, कुठून येणार, आधी काय काय केलंय?

पिट्ठू
बूट कोणते आहेत? कात्राबाईच्या उताराला घसारा (सुटी माती-दगड) आहे, गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज घालून आलात तर हाल होतील. अ‍ॅक्शन ट्रेकर घ्या, स्वस्त असतात आणि सह्याद्रीतल्या कातळावर त्यांच्याइतकी पकड महागड्या बुटांनाही मिळत नाही. नवीन घेतलेत तर आधी आठवडाभर रोज घालून फिरा, थेट ट्रेकला घातले तर टाचेला फोड येणारच. मोजे सुती नकोत. आणि उतरण्याआधी पायाची नखं कापा, ह्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि मग अंगठे काळेनिळे होतात.

मुक्कामपोस्ट
बूट आहेत हो सगळ्यांकडे. फाटा कुठे?

कातळ
पाचनई गावाकडून चढणं म्हणजे हरिश्चंद्रगड केलाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. खरा गड बेलपाड्यातून नळीच्या वाटेने. कोकणकडा (गडाचा कोकणाकडचा उभा कडा) पूर्ण वेळ डोक्यावर असतो, दगडधोंड्यांनी भरलेली नाळ, दोनतीन ठिकाणी रॉकपॅच, वर आलात की समोर जे दिसतं ते दुसऱ्या कुठल्याच वाटेने नाही. तंबू आहे म्हणताय तर रेंज ट्रेक सोडा, हेच करा.

सोनकी
@कातळ, त्यांनी नळीबद्दल विचारलेलं नाही. आणि सोबत कोण आहे हे कळलेलं नसताना नळीची वाट सुचवू नका, तिथे वरून दगड सुटतात आणि अर्ध्यातून माघार घेणं चढण्यापेक्षा अवघड आहे.

कातळ
योग्य माणूस सोबत असेल तर काही होत नाही. सगळ्यांना घाबरवून घरी बसवायचं का?

सह्यधार
नळीसाठी वेगळा धागा काढा ना. @मुक्कामपोस्ट, महिना?

मुक्कामपोस्ट
महाशिवरात्रीची सुट्टी जोडून. पुण्याहून. चौघे आहोत. राजगड-तोरणा, हरिहर वगैरे झालंय.

प्रवराकाठ
अहो मग हे आधी सांगायचं ना! मी अकोले तालुक्यातलाच. महाशिवरात्रीला रतनवाडीत अमृतेश्वराला आणि वर हरिश्चंद्रेश्वराला दोन्हीकडे यात्रेची गर्दी असते. शिवरात्रीची रात्र हरिश्चंद्रगडावर धरली असेल तर गुहेत पाय ठेवायला जागा मिळणार नाही. उलट त्या दिवशी सकाळी रतनवाडीत असाल तर बरंच आहे, शेंडीवरून गाड्या भरपूर मिळतात, एरवी शेंडी ते रतनवाडी जीपसाठी ताटकळावं लागतं. देवळाचं दर्शन घ्या, कोरीवकाम आहे, बाजूची पुष्करणी बघा आणि मग चढायला लागा. तुम्ही वर हरिश्चंद्रगडाला पोचाल तोवर तिथली यात्रा पांगलेली असेल.

मुक्कामपोस्ट
हे उपयोगाचं आहे, धन्यवाद. बरोबर, शिवरात्रीलाच सकाळी रतनवाडी धरलीये. आता फाटा?

सह्यधार
आता नीट सांगतो. रतनवाडीतून निघालात की सुरुवातीला प्रवरेच्या पात्राच्या काठाकाठाने आणि मग जंगलातून वाट चढते. त्याच चढाच्या वरच्या भागात, लोखंडी शिड्या यायच्या बऱ्याच अलीकडे, जंगलात वाट दुभंगते, एक रतनगडाच्या शिड्यांकडे आणि दुसरी कात्राबाई खिंडीकडे. म्हणजे तुमचा पहिला ब्लॉगवाला बरोबर आहे. त्र्यंबक दरवाजाने उतरलात तर साम्रदकडे जाल, सांदण दरी त्या गावाजवळ आहे, हरिश्चंद्रगडाच्या बरोब्बर उलट बाजूला. ज्यांना साम्रदला जायचंय त्यांच्यासाठी ती वाट आहे, तुमच्यासाठी नाही.
म्हणून करायचं असं की पहिल्या दिवशी गडावर जा, गणेश दरवाजाच्या वर गुहा आहेत तिथे मुक्काम, संध्याकाळी नेढ्यात (कातळातलं आरपार भोक) जाऊन बसा. दुसऱ्या दिवशी उजाडताच शिड्या उतरून फाट्यावर या आणि खिंडीकडे लागा. खिंडीतून खाली कुमशेत, पुढे पेठेची वाडी, मग पाचनई. फाट्यापासून कुमशेतला ओझं घेऊन चारपाच तास धरा, रमतगमत जाणार असाल तर जास्त. त्याच दिवशी पाचनईला मुक्काम करता येतो, तिसऱ्या दिवशी पहाटे गड चढा, दोनअडीच तासात वर.
पाणी: गडावरच्या टाक्यांमध्ये असतं, पिण्याचं कुठलं ते रतनवाडीतच विचारून घ्या. फाटा ते कुमशेत ह्या टप्प्यात त्या दिवसांत पाण्याचा भरवसा धरू नका, ओढे कोरडे असतात. माणशी तीन लिटर पाठीवर घेऊनच गडावरून निघा.

मावळतीकर
सहमत. फक्त वाटाड्या घ्या हे माझ्याकडून जोडतो. त्या जंगलात ढोरवाटा इतक्या आहेत की खऱ्या वाटेपेक्षा त्याच जास्त मळलेल्या दिसतात.

पिट्ठू
वाटाड्या कशाला? माझ्याकडे जीपीएक्स (जीपीएसवर नोंदवलेल्या वाटेची फाईल) आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा पाठवतो. मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतं, पॉवर बँक एक पुरते.

मावळतीकर
जीपीएक्स तुम्ही कोणत्या ऋतूत घेतलंय त्यावर आहे. दाट झाडीत आणि कड्याच्या कुशीत रेघ पन्नास मीटर इकडेतिकडे सरकते, आणि घाटमाथ्यावर पन्नास मीटर म्हणजे एक धार सोडून दुसरी धार. शिवाय गावातल्या पोराला दोन दिवसांचे पैसे मिळतात, त्याच्या डोंगरात आपण फिरतो तर एवढं करायला काय हरकत आहे?

पिट्ठू
हरकत नाही, पण प्रत्येक धाग्यावर वाटाड्या वाटाड्या केलं तर माणसं स्वतः वाट शोधायला शिकणार कधी? नकाशा वाचणं हा ट्रेकचाच भाग आहे.

प्रवराकाठ
दोघांचं बरोबर आहे पण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी एक गोष्ट असते, वणवा. गवत पूर्ण वाळलेलं असतं. एखादी धार जळालेली असली की खुणा, पाऊलवाट सगळं काळं होतं, मग जीपीएक्स काय सांगणार. गावातल्या माणसाला कालची खबर असते. आणि कृपा करून जंगलात चूल पेटवू नका, हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. रतनवाडी, कुमशेत, पाचनई तिन्हीकडे घरात जेवण करून देतात, आदल्या दिवशी सांगून ठेवलं की भाकरी-पिठलं तयार असतं.

मुक्कामपोस्ट
ठीक आहे, कुमशेतपर्यंत वाटाड्या घेतो. अजून एक, रतनगडाच्या शिड्या कशा आहेत? बायकोला उंचीची भीती वाटते. हरिहरला ती खालीच थांबली होती. आणि मामा ६१ वर्षांचे आहेत पण त्यांची काळजी नाही, त्यांनी ह्या भागात तरुणपणी खूप फिरलंय.

सोनकी
हे तर पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! पूर्ण प्लॅन ह्यावरच अवलंबून आहे. शिड्या लोखंडी आहेत, भक्कम आहेत, पण उभ्या आहेत आणि वर दरवाजापाशी कातळातला भाग थोडा मोकळा आहे. चढताना माणूस जातो, उतरताना पाय शोधावा लागतो तेव्हा भीती वाटते, आणि शिवरात्रीला गर्दी असली तर वरून खालून दोन्हीकडून माणसं, मागून कोणीतरी घाई करणार. मला स्वतःला उंचीचा त्रास आहे म्हणून सांगते, अशा वेळी "काही होत नाही चल" म्हणणारी माणसं सगळ्यात वाईट. त्यांना आधी व्हिडिओ दाखवा आणि त्यांनाच ठरवू दे.

कल्याणची_लोकल
मग कळसूबाई करा की. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, बारी गावातून सरळ वाट, चुकायचा प्रश्न नाही, वाटेत सरबतवाले. घोटीपर्यंत आलात की एसटी आहे.

सोनकी
कळसूबाईलाही लोखंडी शिड्या आहेत.

कल्याणची_लोकल
त्या सोप्या आहेत हो. आणि हरिश्चंद्रगडाला पाचनईपेक्षा खिरेश्वर बरं पडतं, कल्याण-आळेफाटा एसटीने खुबी फाट्याला उतरायचं, पिंपळगाव जोग्याच्या धरणाच्या भिंतीवरून चालत गावात. नागेश्वराचं देऊळ बघून टोलार खिंडीतून वर.

मावळतीकर
ते रतनगडाहून येतायत, खिरेश्वर गडाच्या दुसऱ्या अंगाला आहे. शिवाय टोलार खिंडीच्या वर कातळ आहे, रेलिंग असलं तरी उंचीची भीती असलेल्याला तो नको.

सह्यधार
@मुक्कामपोस्ट, सोपा मार्ग आहे. फाटा शिड्यांच्या अलीकडे आहे म्हणून तर तुमचं काम होतंय. पहिल्या दिवशी गडावर मुक्कामाचा हट्ट सोडा, रतनवाडीत गावात मुक्काम करा. दुपारी ज्यांना गड बघायचाय ते वर जाऊन येतील, वहिनी शिड्यांच्या खाली थांबतील किंवा देवळापाशी, त्यांना एकटं ठेवू नका, कोणीतरी सोबत राहा. दुसऱ्या दिवशी पहाटे रतनवाडीतूनच चौघे निघा आणि फाट्यावरून थेट खिंडीकडे वळा, शिडीला हात लावायचीच गरज नाही. गावातून पूर्ण चढ असल्यामुळे दीडदोन तास वाढतील आणि पाणी गावातूनच भरून न्यावं लागेल. खिंडीच्या आसपास काही ठिकाणी घसाऱ्यावरून आडवं जावं लागतं पण शिडीसारखी उघडी दरी बाजूला नाही, वाटाड्याला पुढे ठेवा आणि वहिनींच्या मागे तुम्ही. त्या दिवशी पाचनईची घाई नको, कुमशेतलाच थांबा.

मुक्कामपोस्ट
हे जमेल असं वाटतंय. पण मग तिसऱ्या दिवशी कुमशेत ते गड आणि परत पुणे, होईल का? कोकणकड्यावर तंबू लावायचा होता.

कातळ
एक मुक्काम वाढवा. कोकणकड्याला रात्र काढल्याशिवाय काय मजा. नशीब असेल तर इंद्रवज्र (ढगांवर उमटणारं गोल इंद्रधनुष्य) दिसेल, कर्नल साइक्सने तिथूनच पाहिलं होतं.

सह्यधार
इंद्रवज्राला दरीत ढग हवेत आणि ऊन पाठीमागून हवं, त्या दिवसांत कोरडी हवा असते, त्या आशेवर मुक्काम वाढवू नका. मुक्काम वाढवायचा असेल तर वेळ हाताशी राहावा म्हणून वाढवा. आणि तंबू कड्यापासून खूप आत लावा, रात्री वारा किती असतो ह्याची कल्पना खाली राहून येत नाही. तंबू लावू देतात की नाही हे पाचनईत वनविभागाच्या नाक्यावर विचारा, नियम बदलत असतात.

सोनकी
वहिनींसाठी कोकणकडा झोपून बघायचा, उभं राहून नाही. पोटावर सरकत जायचं, कोणीतरी पाय धरायचे. मी तसाच पाहते आणि पूर्ण पाहते. केदारेश्वराची गुहा मात्र त्यांना नक्की आवडेल, चारपैकी एकच खांब शाबूत आहे आणि पिंडीभोवती गार पाणी.

मावळतीकर
अवांतर: त्या पाण्यात उतरून अंघोळी करणाऱ्यांना आवरायला हवं. साबण, शाम्पूच्या पुड्या, सगळं तिथेच. लेण्यांच्या भिंतींवर नावं कोरलेली बघून संताप होतो.

कल्याणची_लोकल
+१. प्लास्टिकचंही तसंच. मंदिराच्या मागे एकदा जाऊन बघा.

प्रवराकाठ
मामांबद्दल विचारायचं राहिलं. तरुणपणी म्हणजे कधी? गुडघे कसे आहेत, बीपी-शुगरच्या गोळ्या? कुमशेतच्या बाजूचा उतार गुडघ्यावर येतो.

मुक्कामपोस्ट
८०च्या दशकात. बीपीची गोळी चालू आहे. उजवा गुडघा कधीकधी दुखतो पण ते ऐकणार नाहीत. त्यांचं म्हणणं आहे की ते कुमशेतहून गुहिरीच्या दाराने (घाटवाटेने) खाली डेहणे गावाला उतरलेत, त्यामुळे हा भाग त्यांना पाठ आहे.

सह्यधार
गुहिरीचं दार केलेला माणूस म्हणजे कसलेला. पण चाळीस वर्षांत वाटाही बदलल्या. दोन काठ्या द्या हातात, त्यांची सॅक वाटाड्याला द्या आणि गोळ्या दोन ठिकाणी वाटून ठेवा, एक पाकीट तुमच्याकडे. दुखलंच तर कुमशेतला गाडीरस्ता आहे, तिथून राजूरकडे निघता येतं, म्हणूनही कुमशेतचा मुक्काम योग्य.

पिट्ठू
गुडघ्याला नीकॅप चढताना काढा, उतरताना घाला. आणि सगळ्यांनी अत्तर, डिओ मारून येऊ नका, कड्यांना आग्या मोहोळं असतात. आरडाओरडा, धूर, उग्र वास तिन्ही टाळा. मोहोळ उठलं तर हातवारे न करता तोंड झाकून लांब निघायचं.

मुक्कामपोस्ट
हे माहीत नव्हतं, सगळ्यांना सांगतो. बायकोला धागा वाचायला दिला, शिडी नाही म्हटल्यावर ती लगेच तयार झाली. रजा एक दिवस वाढवून टाकतोय. रतनवाडी, कुमशेत, मग हरिश्चंद्रगड आणि चौथ्या दिवशी पाचनईला उतरणार. पाचनईहून पुण्याला परत कसं?

प्रवराकाठ
पाचनईहून राजूर, राजूरहून अकोले किंवा संगमनेर, पुढे पुण्याच्या गाड्या भरपूर. पाचनईची एसटी मोजकीच आहे, वेळ गडावर जाण्याआधी गावात विचारून ठेवा आणि एक जीपवाल्याचा नंबर घेऊन ठेवा. चौघांना जीप परवडते. रतनवाडीत आणि कुमशेतला जेवणाचं कोणाला सांगायचं ते व्यनि करतो.

कातळ
पुढच्या वेळी नळी करा. मी येतो सोबत.

नवीन_सभासद
मला पण फेब्रुवारीत जायचंय, आम्ही दहा जण आहोत, तंबू भाड्याने कुठे मिळतील?

सह्यधार
कुठे जायचंय आणि कुठून?