मदत हवी आहे: सुपरकार बनवायच्या तर इंजिन शिकावं की मोटर?

मंडळी,

माझा भाचा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुपरकार बनवणाऱ्या कंपनीत काम करायचं, हे त्याचं शाळेपासूनचं खूळ. आता पुढच्या शिक्षणाचा विषय निवडायचाय आणि गाडी अडली आहे ती इथे: ज्वलन इंजिन घ्यावं की मोटर, बॅटरी आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स? खूळ मीच लावलेलं, त्यामुळे प्रश्नही माझ्याच गळ्यात. उत्तर शोधायला बसलो आणि आता त्याच्यापेक्षा मीच जास्त गोंधळलोय.

आकडे बघितले तर विषय संपलेला वाटतो. रिमाच नेवेरा या विजेच्या गाडीला चार चाकांना चार मोटरी, 1,914 अश्वशक्ती, आणि 0 ते 100 दोन सेकंदांच्या आत. कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा याचा हिशेब सेकंदाला 100 वेळा होतो. कमाल वेगात तरी इंजिनवाले पुढे असतील म्हणावं, तर 2025 मध्ये चिनी बीवायडीच्या विजेच्या यांगवांग यू9 एक्स्ट्रीमने जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या चाचणी मार्गावर ताशी 496.22 किमी गाठले. इंजिनवाल्या बुगाटी शिरॉनचा 2019 चा आकडा 490.48 होता. (दोन्ही एकाच दिशेने धावून घेतलेले, त्यामुळे विक्रम म्हणावं की नाही यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.)

मग भाच्याला सरळ ‘मोटर घे’ म्हणून मोकळं व्हावं ना? पण गंमत पुढेच आहे.

नेवेरा बनवणारे मेट रिमाच आज बुगाटीही चालवतात. विजेच्या सुपरकारवर ज्यांचं नाव झालं त्यांच्या हाताखाली 2024 मध्ये नवी बुगाटी आली ती टुरबियाँ. तिच्यात काय, तर 8.3 लिटरचं, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) नसलेलं, मिनिटाला 9,000 फेऱ्यांपर्यंत जाणारं व्ही-16, म्हणजे सोळा सिलिंडरचं इंजिन! मोटरी आहेत, तीन आहेत, पण एकूण 1,800 पैकी 1,000 अश्वशक्ती इंजिनाची. त्याच वर्षी रिमाच यांनी उघड सांगितलं की या थरातल्या श्रीमंत गिऱ्हाइकांना विजेची गाडी नको आहे. मोटर कोणाला कळते आणि कोणाला नाही, असा वाद घालायचा तर या माणसाशी कोण घालणार?

कोनिगसेग या स्वीडिश कंपनीचंही तेच. जेमेरा या गाडीसाठी त्यांनी तीन सिलिंडरचं, कॅमशाफ्टच (झडपा उघडणारा दांडा) नसलेलं दोन लिटरचं इंजिन घडवलं. इंजिनिअरने बघत बसावं असं काम. मग व्ही-8 चा पर्याय दिला आणि गिऱ्हाइकं तिकडेच वळली. गाड्यांचे नामवंत डिझायनर गॉर्डन मरे तर उलट्याच दिशेला: टी.50 मध्ये 3.9 लिटरचं व्ही-12, 12,100 फेऱ्या, तीन पेडल, हाताने गियर, आणि वजन एक टनाच्या आत. मागे 400 मिलिमीटरचा पंखा आहे, तोही गाडी जमिनीला चिकटवायला. गाड्या शंभरच केल्या.

माझा अंदाज असा की नुसता वेग आता स्वस्त झालाय. शाओमी, म्हणजे मोबाइलवाली कंपनी, चार दारांची, विजेची एसयू7 अल्ट्रा 1,548 अश्वशक्तीची विकते. ज्या गोष्टीसाठी पूर्वी सात पिढ्यांचा कारखाना लागायचा ती आता बॅटरी आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारं यंत्र) विकत घेऊन साधते. मग वरच्या किमतीच्या गाडीने विकायचं काय? आवाज, हलकेपणा, हाताला लागणारा गियर. हे बरोबर असेल तर इंजिन मरत नाही, पण दुर्मीळ होतं. आणि दुर्मीळ गोष्टीवर पोराने करिअर बेतावं का, हा माझा खरा प्रश्न.

या क्षेत्रात काम केलेलं किंवा करणारं कोणी असेल तर सांगा. ‘मनाला येईल ते शिकू दे’ हा सल्ला घरात आधीच तिघांनी दिलाय, तो कृपया नको.

प्रतिसाद १

पॉवरट्रेन कॅलिब्रेशनमध्ये आहे, म्हणजे इंजिन, मोटर, गिअरबॉक्स यांचं वागणं सॉफ्टवेअरमधून जुळवणं; सुपरकार नाही, साध्या गाड्या. पण प्रश्नच चुकीचा मांडलाय असं वाटतं. आज या गाड्यांमध्ये इंजिन आणि मोटर वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. फेरारी एसएफ90 ला गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गियरच नाही, मागे जायचं काम पुढच्या मोटरी करतात. तेवढं वजन वाचलं. लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टोने गिअरबॉक्स मागे आडवा टाकला आणि गाडीच्या मधल्या बोगद्यात, जिथे आधी गिअरबॉक्स असायचा, तिथे 3.8 किलोवॉट-तासाची बॅटरी बसवली. एवढीशी बॅटरी लांब जायला नाहीच, ती घ्यायला आणि द्यायला आहे: ब्रेक मारला की घे, वळणातून बाहेर पडताना दे.

लॅम्बोर्गिनीच्याच टेमेरारिओचं उदाहरण भाच्याला नीट वाचायला सांगा. तिच्या आधीच्या हुराकानचं व्ही-10 गेलं म्हणून लोक रडले. त्या जागी 4 लिटरचं ट्विन टर्बो (दोन टर्बोंचं) व्ही-8 आलं, जोडीला मोटरी, आणि ते 10,000 फेऱ्या मारतं. वरच्या फेऱ्यांना साजेसा मोठा टर्बो खाली आळशी असतो. ती खालची पोकळी मोटर भरून काढते, म्हणून इंजिनाला वर मोकळं सोडता येतं. म्हणजे मोटरमुळे इंजिन जास्त ‘इंजिन’ झालं. हे जुळवणारा माणूस हवा असतो सगळ्यांना. कंट्रोल्स, म्हणजे यंत्रांच्या नियंत्रणाचं शास्त्र, शिकू दे.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण नोकरीच्या अंगाने बोलतो. टुरबियाँ 250 बनणार, टी.50 शंभर. युरोपच्या नियमांत वर्षाला हजारापेक्षा कमी गाड्या नोंदवणाऱ्याला कार्बनच्या उद्दिष्टांतून सूट आहे, त्यामुळे अगदी वरचं टोक कायद्याने लगेच मरणार नाही. पण हजार गाड्यांच्या कंपनीला इंजिनवाले लागतात किती?

दुसरं, बोनेटवरचं नाव बघून अर्ज करू नये. टुरबियाँचं व्ही-16, टी.50 चं व्ही-12, ॲस्टन मार्टिन वॅल्किरीचं व्ही-12, तिन्हींमागे कॉसवर्थ ही इंजिनं बनवणारी ब्रिटिश कंपनी. तसंच मोटरींचं. फेरारीच्या एसएफ90 आणि 296, आणि रेव्हुएल्टो या तिन्हींना ॲक्सियल फ्लक्स मोटरी पुरवते ती यासा, जी 2021 पासून मर्सिडीजच्या मालकीची आहे. चकतीसारखी चपटी मोटर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फटीत बसते. खरं काम अशा पुरवठादारांकडे चालतं आणि तिथे माणसंही जास्त घेतात.

अवांतर: सगळीच्या सगळी विजेची गाडी हलकी का होत नाही, हेही पोराला हिशेब करून दाखवा. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण 12 किलोवॉट-तास ऊर्जा असते. बॅटरीच्या एका किलोत त्याच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास. इंजिन त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता म्हणून उधळतं हे धरलं तरी दरी बुजत नाही. नेवेरा दोन टनांच्या वर जाते ती उगाच नाही. सरळ रस्त्यावर वजन लपतं. वळणात आणि ब्रेकला ते उघडं पडतं.

प्रतिसाद ३

बॅटरीच्या म्हातारपणाबद्दल कोणीच बोललं नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं व्ही-12 आजही उघडून पुन्हा बांधता येतं. 2013 च्या लाफेरारी, मॅक्लारेन पी1 या हायब्रिड (इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या) गाड्यांची बॅटरी तशी बांधता येत नाही, सेल जुने झाले की अख्खा संचच नवा. फेरारीने 2024 मध्ये हायब्रिड गाड्यांसाठी वाढीव हमीची योजना काढली, त्यात आठव्या आणि सोळाव्या वर्षी बॅटरी बदलून मिळते. संग्राहकांची काळजी कंपनीलाच कळली म्हणायचं. जुन्या बॅटऱ्यांच्या जागी नवी, तीच वागणूक देणारी बॅटरी बसवणं हा उद्याचा धंदा आहे, लिहून ठेवा.

आणि आवाजाचं म्हणाल तर फेरारीच्या विजेच्या गाडीत खोटा व्ही-12 वाजवणार नाहीत. मागच्या ॲक्सलवर कंपन टिपणारा सेन्सर आहे, मोटर आणि गियरची खरी थरथर टिपून ती मोठी करतात, इलेक्ट्रिक गिटारसारखी. मला पटलं. ह्युंदाईच्या विजेच्या आयोनिक 5 एन मधले नकली गियरही चालवताना मजा आणतात म्हणे, पण मजा आणि गियर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धागालेखक

तिघांचेही आभार. भाच्याला धागा दाखवला. पुरवठादारांची यादी त्याने लगेच उतरवून घेतली, मामाच्या लांबलचक पोस्टकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही. कंट्रोल्स त्याला पटतंय, पण गणितं बघून पोटात गोळा आलाय. दुसरा पर्याय म्हणून तो उष्णता व्यवस्थापनाकडे बघतोय, कारण बॅटरी, मोटर, टर्बो सगळ्यांनाच थंड ठेवावं लागतं आणि ट्रॅकवर दोनचार फेऱ्यांत तापून ताकद कमी करावी लागते ती इथेच. प्रतिसाद १ वाल्यांना विनंती: हा विषय घेतला तर पुढे कॅलिब्रेशनकडे वळता येतं का? आणि प्रकल्पासाठी त्याने आधी सिम्युलेशन करावं की टेस्ट बेंचवर हात काळे करावेत? अर्जाला तीन आठवडे आहेत.