मदत हवी आहे : नवशिक्या मुलांच्या धनुष्यांना साधा ॲरो रेस्ट कोणता लावावा?

नमस्कार मंडळी,

सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावात मी शनिवार-रविवारी मुलांना धनुर्विद्या शिकवते. पाचवी ते नववीची मुलं आहेत. धनुष्यं साधी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेली), लाकडी रायझरची (म्हणजे मधला मुठीचा भाग लाकडी), ओढायला 16 ते 20 पौंडांची. बाण फायबरग्लासचे, प्लॅस्टिकच्या पिसांचे. एकेका धनुष्यावर तीन-चार मुलं आळीपाळीने सराव करतात.

प्रश्न ॲरो रेस्टचा, म्हणजे रायझरवर बाण टेकवायच्या छोट्या आधाराचा आहे. धनुष्यांबरोबर आलेले चिकटवायचे प्लॅस्टिकचे रेस्ट बहुतेक निखळलेत, काहींची दांडी मोडली आहे. गणेश चवथीच्या सुट्टीनंतर वर्ग पुन्हा सुरू होतील, त्याआधी सगळ्या धनुष्यांना नवे रेस्ट लावायचे आहेत, आणि तेही एकाच जातीचे. रेस्ट बदलला की बाणाची उंची बदलते, मग स्ट्रिंगवरचा नॉकिंग पॉइंटही (बाण अडकवायची खूण) हलवावा लागतो. एखाद्या मुलीच्या हातात आज एक धनुष्य असेल, पुढच्या रविवारी दुसरं. तिला दोन्हींवर बाण सारखाच बसलेला मिळाला पाहिजे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत.

पहिला, रेस्टच नको, बाण सरळ शेल्फवर, म्हणजे रायझरच्या मुठीवरच्या खाचेत ठेवायचा. खर्च नाही, मोडायला काही नाही. पण त्याला खऱ्या पिसांचे बाण लागतात, कारण प्लॅस्टिकचं पीस शेल्फला घासलं की वाकत नाही, बाणालाच बाजूला फेकतं. आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की खरी पिसं भिजून चपटी होतात.

दुसरा, पुन्हा तसाच प्लॅस्टिकचा, हॉइटच्या सुपर रेस्टसारखा. तिसरा, तारेच्या दांडीचा चुंबकी, शिबुया अल्टिमासारखा. बाण सुटताना त्याची दांडी आत दबते आणि चुंबकाने पुन्हा जागेवर येते. तो प्लॅस्टिकपेक्षा बराच महाग पडतो.

मुलांचं मत मात्र चौथंच आहे. 2023 मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंडचे (चाकं आणि केबल असलेल्या धनुष्याचे) जगज्जेते झाले, तेव्हापासून ती त्यांचे व्हिडिओ बघतात आणि "बाई, तसला रेस्ट आणा" म्हणतात. बाण सुटताच खाली पडणारा रेस्ट बहुतेक कंपाउंडच्या केबलला किंवा लिंबला (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याला) दोरीने जोडलेला असतो, आणि तिथे स्ट्रिंग बोटांऐवजी रिलीजने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या यंत्राने सुटते. आपल्या साध्या रिकर्व्हवर त्याचा उपयोग नाही, हे त्यांना धनुष्य हातात देऊन समजावलं. पटलं की नाही, ते अजून कळलेलं नाही!

तर विचारायचं आहे ते असं. लहान मुलांच्या हाताखाली प्लॅस्टिकचा टिकेल की चुंबकी? कुठलाही घेतला तरी पावसाळ्यात तो निखळू नये म्हणून काय करावं? आणि बाण ओढताना रेस्टवरून खाली पडतो, हे लहान मुलांच्या बाबतीत सतत होतं. त्यात रेस्टचा दोष किती धरायचा? मूल ओढतं, बाण डावीकडे घरंगळतो, ते गोंधळून त्याला बोटाने धरायला जातं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, कारण तणावलेल्या धनुष्यावर बोट बाणाच्या टोकाजवळ जाता कामा नये.

प्रतिसाद 1

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बाण पडण्यात रेस्टचा दोष फार थोडा असतो. मुलं नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) दोन बोटांच्या चिमटीत धरतात, किंवा बोटांची टोकं आत वळवून स्ट्रिंगला पीळ देतात. स्ट्रिंग फिरली की नॉक फिरतो आणि बाणाचं पुढचं टोक रायझरपासून दूर जातं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण म्हणूनच डावीकडे पडतो. स्ट्रिंग बोटांच्या पहिल्या सांध्यात नीट अडकवायला सांगा, तळहाताची मागची बाजू सैल आणि सपाट, तर्जनी आणि मधल्या बोटात नॉकला थोडी मोकळी जागा. बाण पडलाच तर बोट लावायचं नाही, स्ट्रिंग हळू परत आणायची आणि पुन्हा लावायचा. बाणाशिवाय रिकामी स्ट्रिंग सोडायची तर कधीच नाही, लिंब फुटतात.

नॉकही तपासा. नॉकने स्ट्रिंगला हलकं पकडलं पाहिजे. बाण स्ट्रिंगला उभा लटकवला तर टिकावा आणि स्ट्रिंगवर टिचकी मारताच सुटावा. त्याहून घट्ट असेल तर बोटाची प्रत्येक हालचाल बाणापर्यंत जाते.

रेस्ट म्हणाल तर, वाटून वापरायच्या धनुष्यांना प्लॅस्टिकचाच घ्या. तो मोडणारच, हे धरून चाला आणि दोन-चार जास्तीचे डब्यात ठेवा. चुंबकीची तार मुलं बोटाने वाकवतात, आणि वाकलेली तार वरवर बघून लक्षात येत नाही. बाण इकडेतिकडे जायला लागतात आणि मूल समजतं की आपलंच चुकतंय. प्लॅस्टिक मोडलं की सगळ्यांना दिसतं. शिकणाऱ्यासाठी हा फार मोठा फरक आहे.

प्रतिसाद 2

वरच्यांशी सहमत, पण एक भर घालतो. रायझरला प्लंजरचं (बाणाला बाजूने टेकणाऱ्या स्प्रिंगच्या दट्ट्याचं) भोक आहे का बघा. असेल आणि एखादं मूल पुढे स्पर्धेच्या तयारीने सराव करणार असेल, तर त्याच्या एका धनुष्याला चुंबकी रेस्ट आणि प्लंजर लावणं योग्य. तेव्हा रेस्ट अशा उंचीला चिकटवायचा की बाणाचा मध्य प्लंजरच्या मध्यावर येईल, आणि वरून पाहिलं तर तार बाणाच्या बाहेर डोकावता कामा नये. जास्तीची तार कापून टाका, नाहीतर पीस तिला अडकतं.

आता चिकटवण्याचं. मी फोंड्याला राहतो, ओल काय करते ते चांगलं ठाऊक आहे. जुना गोंद पूर्ण खरवडून काढा, मग जागा स्पिरिटने पुसा आणि पंख्याखाली नीट वाळू द्या. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल पुरतं. रेस्ट ग्रिपच्या सगळ्यात खोल भागाच्या बरोबर वर येईल असा धरा, आधी चिकटपट्टीने तात्पुरता लावून बाण ठेवून बघा, मगच कागद सोला. दाबून धरा आणि रात्रभर बाण लावू नका. मूळ गोंद कमकुवत वाटला तर चांगली दुहेरी फोम टेप लावता येते, मात्र तिच्या जाडीने बाण रायझरपासून थोडा बाहेर सरकतो, तेव्हा सगळ्या धनुष्यांना तीच टेप वापरा. एप्रिल-मेमध्ये धनुष्यं बंद गाडीत ठेवू नका, उन्हाने गोंद सुटतो.

रेस्ट बसल्यावर टी-स्क्वेअर (स्ट्रिंगला लावायची काटकोनी मोजपट्टी) लावून नॉकिंग पॉइंट काटकोनाच्या 3 ते 6 मिलिमीटर वर ठेवा. पिसं रेस्टला लागतात का हे बघायचं असेल तर पिसांवर टाल्कम पावडर लावून एक बाण सोडा. जिथे पुसली जाईल तिथे लागतंय. वेगळ्या रंगाचं पीस रायझरपासून बाहेरच्या बाजूला असायला हवं, हेही मुलांकडून पक्कं करून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मोडलेलं दिसतं, वाकलेलं दिसत नाही, हा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता आणि निर्णय त्यावरच झाला. सगळ्यांना प्लॅस्टिकचे लावते. भोक असलेलं एक रायझर आहे, ते नववीतल्या एका मुलीसाठी चुंबकी रेस्ट आणि प्लंजर लावून तयार करते. तिला रिकर्व्हच पुढे न्यायचं आहे, आणि तिची बोटंही आता स्थिर आहेत.

राहिलं एवढंच की दोन मुलं डावखुरी आहेत आणि त्यांची धनुष्यंही डाव्या हाताची. त्यांचे रेस्ट वेगळे मागवावे लागतील ना?

प्रतिसाद 2

हो, वेगळेच. उजव्या हाताचा रेस्ट उलटा करून चालत नाही. पाकिटावर एलएच (लेफ्ट हँड) असतं, पण मागवताना विक्रेत्याला धनुष्याचा फोटोच पाठवा. डाव्या हाताने स्ट्रिंग ओढणारा धनुष्य उजव्या हातात धरतो, आणि बोलताना नेमका इथेच घोळ होतो. आणि त्या दोघांचा प्रभावी डोळा, म्हणजे नेम धरताना जो पुढाकार घेतो तो, कोणता, हे आधीच पाहून घ्या. लिहितात डाव्या हाताने आणि डोळा उजवा, असं निघालं तर रेस्ट मागवायच्या आधी धनुष्याचाच विचार करावा लागेल.